सात-एफ : हुशार उंदीर की घाबरलेला?

पीएचडीचा माझा पहिला विषय एका बाटलीपायी गेला. मेंदूवर काम करणारे रेणू बनवायचे होते, आणि त्यासाठी क्विनाझोलिनोन नावाच्या रिंगवर काम करायचं ठरलं होतं, सिनॉप्सिस टाइप होऊन तयार होती. रसायनांची यादी घेऊन स्टोअरमध्ये गेले, तर तिथल्या काकांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "हे नाही मिळायचं, मॅडम." ॲसेटिक अनहायड्राइड. बी.फार्म.ला ॲस्पिरिन करताना आम्ही जे बिनधास्त मोजून घेतलं होतं, तेच. पण हेरॉईन बनवणाऱ्यांनाही तेच लागतं, म्हणून एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली त्यावर नियंत्रण आहे. घ्यायचं तर नोंदणी आली, वापराचा हिशेब आला, आणि आमच्याकडे ती कागदपत्रं तेव्हा धड नव्हती.

तोंड पाडून सरांकडे गेले. सर हसले. म्हणाले, "बरंच झालं. क्विनाझोलिनोनमधून सगळ्यांत गाजलेलं काय निघालं, सांग बघू?" मला सांगता आलं नाही. मेथाक्वालोन. सय्यद हुसेन झहीर, जे पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले, त्यांनी आणि काकर यांनी १९५१ साली आपल्याच देशात मलेरियावर औषध शोधताना ते बनवलं. गाजलं मात्र ते झोपेसाठी. गोळ्या जगभर खपल्या, मग लोक त्याची नशा करू लागले आणि देशोदेशी बंदी आली. "मेंदूवर काम करताना आपण विचारतो एक आणि उंदीर उत्तर देतो दुसऱ्याच प्रश्नाचं," असं काहीतरी सर म्हणाले. मी मान डोलावली आणि नवी रिंग शोधायला लायब्ररीत जाऊन बसले.

हेटरोसायक्लिक म्हणजे ज्यांच्या रिंगमध्ये कार्बनच्या जोडीला नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधकाचा अणू बसलेला असतो अशी संयुगं. चिंतेवर देतात त्या डायझेपाममध्ये तशी सात अणूंची रिंग आहे, चिंतेवरच्याच बसपिरोनमध्ये पायपरझिन आहे, अल्झायमरसाठी देतात त्या डोनेपेझिलमध्ये पायपरिडिन आहे. फार्मसीच्या प्रत्येक वर्गात लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगतात. बरीच वर्षं टेबलावर पडून राहिलेला एक नमुना १९५७ साली साफसफाईत हाती लागला, तपासायला पाठवला, आणि त्यातून १९६० मध्ये लिब्रियम हे चिंतेवरचं औषध बाजारात आलं. त्याला वाटत होतं आपण क्विनाझोलिनच बनवलं आहे. प्रत्यक्षात रिंग आपोआप मोठी होऊन बेंझोडायझेपिन झाली होती. गोष्ट खरी आहे आणि छान आहे. पण ज्यांच्या साफसफाईत नुसत्या चिकट बाटल्या निघाल्या, त्यांच्या गोष्टी वर्गात कुणी सांगत नाही.

बेंझोडायझेपिनची अडचण आपल्या घराघरांत दिसते. रात्रीची अर्धी गोळी वर्षानुवर्षं घेणारी म्हातारी माणसं शांत झोपतात, पण सकाळी दूधवाल्याला पैसे दिले की नाही ते त्यांना आठवत नाही. जीव शांत करणारं औषध स्मरणशक्तीवरही हात फिरवून जातं. जनुकं बदललेल्या उंदरांवर १९९९-२०००च्या सुमारास जे काम झालं त्यातून कळलं की ही औषधं मेंदूतल्या ज्या गाबा-ए रिसेप्टरवर काम करतात त्याच्या अल्फा-१ भागामुळे मुख्यतः गुंगी येते आणि अल्फा-२ मुळे चिंता कमी होते. म्हणजे दोन्ही गोष्टी निदान तत्त्वतः वेगळ्या काढता येतात. १९८६ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं बसपिरोन तर गाबाच्या वाटेला जातच नाही. ते सिरोटोनिनच्या ५-एचटी-१ए रिसेप्टरवर काम करतं आणि गुंगी फारशी आणत नाही. तेव्हा बसपिरोनसारखं पायपरझिन घ्यायचं, मधे १,३,४-ऑक्साडायाझोल ही आणखी एक रिंग बसवायची, पलीकडे डोनेपेझिलच्या धर्तीवर एक ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी रिंग ठेवायची. चिंता कमी व्हावी आणि स्मृतीही सुधारावी. कागदावर फार सुंदर दिसत होतं.

कॉम्प्युटरवर तर आणखीच सुंदर. डॉकिंग म्हणजे रेणू एन्झाइममध्ये कसा बसतो ते कॉम्प्युटरवर बघणं. त्यासाठी डोनेपेझिल जे एन्झाइम अडवतं त्या मानवी ॲसिटाइलकोलिनएस्टरेजची ४ईवाय७ ही रचना घेतली. तिच्यात डोनेपेझिल आधीच बसलेलं असतं. ते बाहेर काढून पुन्हा बसवून पाहिलं, जागच्या जागी बसलं, मग माझे रेणू एकेक करून आत सोडले. या एन्झाइममध्ये एक खोल अरुंद घळ असते. तळाशी ट्रिप्टोफान-८६ हे अमिनो ॲसिड, तोंडाशी ट्रिप्टोफान-२८६. माझे रेणू त्या घळीत विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखे सरळ उतरत होते. आकडेही उणे नऊच्या पुढे, आणि जितका आकडा उणे तितकी पकड घट्ट. स्विसएडीएमई नावाच्या मोफत साधनात उकडलेल्या अंड्याचं चित्र येतं. रेणूचा ठिपका पिवळ्या बलकात पडला तर तो मेंदूत शिरेल असा अंदाज. माझे बाराच्या बारा ठिपके बलकात होते. त्या रात्री मी होस्टेलवर खरंच अंडी उकडून पार्टी दिली. रेणू बनवण्याआधीचे हे दिवस पीएचडीतले सगळ्यांत सुखाचे, कारण तोवर कुणी नाही म्हणणारं नसतं.

मग एप्रिल आला. आमचं गाव मराठवाड्यातलं, एप्रिलमध्ये नळाला पाणी तिसऱ्या दिवशी. रिफ्लक्स लावायचा, म्हणजे मिश्रण उकळत ठेवून वाफ गार करून परत खाली आणायची, तर कंडेन्सरला सतत गार पाणी पाहिजे. आम्ही कूलरमधला छोटा पंप काढून बादलीत टाकला, बादलीत रसवंतीवाल्याकडून आणलेला बर्फ, आणि तेच पाणी फिरवत ठेवलं. दुपारी वीज गेली की कुणीतरी धावत जाऊन मँटल, म्हणजे तापवायची शेगडी, खाली घ्यायची. ही धावपळ गंमत म्हणून सांगत नाही. पुढच्या टप्प्यात कार्बन डायसल्फाइड होतं, आणि ते नुसत्या गरम पृष्ठभागानेही पेट घेऊ शकतं.

पहिला टप्पा सोपा. एस्टर आणि हायड्राझिन हायड्रेट, थंड झाल्यावर पांढऱ्या सुया. दुसऱ्या टप्प्यात हायड्राझाइडला कार्बन डायसल्फाइड आणि कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळायचं. रिंग मिटते तसा हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. फ्यूम हूडचा पंखा जेमतेम चालायचा, त्यामुळे सडक्या अंड्यांचा वास जिन्याने थेट प्राचार्यांच्या केबिनपर्यंत. शिपाई दोनदा विचारून गेला, गॅस गळतोय का म्हणून. वास संपला म्हणजे रिॲक्शन संपली असं म्हणता येत नाही, कारण तासाभरात नाक बधिर होतं आणि हा वायू विषारी आहे. त्यासाठी लेड ॲसिटेटचा ओला कागद तोंडाशी धरायचा. काळा पडायचा थांबला की समजायचं. मग बर्फात ओतून हायड्रोक्लोरिक ॲसिडने आम्ल केलं की थायोन, म्हणजे गंधक लागलेलं ऑक्साडायाझोल, खाली बसतं.

तिसरा टप्पा मॅनिख रिॲक्शनचा. थायोन, फॉर्मॅल्डिहाइड आणि पायपरझिन इथेनॉलमध्ये ढवळायचं. फॉर्मॅल्डिहाइडचा एक कार्बन दोन्ही बाजूंना हात देतो आणि पूल तयार होतो. एकीकडे ऑक्साडायाझोल, एकीकडे पायपरझिन. ना जास्त उष्णता, ना महागडा उत्प्रेरक. रात्रभर ठेवलं की सकाळी स्फटिक. मॅनिखवर आमच्यासारख्या कॉलेजांचं इतकं प्रेम का, हे त्यावरून कळावं. पायपरझिनच्या टोकाची फिनाइल रिंग बदलत गेले. साधी, मेथॉक्सी, फ्लोरो, नायट्रो, क्लोरो. ७-ए ते ७-एल. त्यातलं सहावं ७-एफ, क्लोरीन तिसऱ्या जागी.

सगळेच स्फटिक झाले नाहीत. ७-डी आणि ७-एच पंधरा दिवस तेलच राहिले. काचेच्या कांडीने भांड्याची बाजू खरवडणं, फ्रीजमध्ये ठेवणं, आधीच्या स्फटिकाचा कण टाकणं, सगळं झालं. ७-एच शेवटी मी सुट्टीवर घरी गेले तेव्हा आपणहून जमलं. रेणूची रचना दाखवणारा एनएमआर बाहेरून करून आणावा लागायचा आणि नंबर यायला कितीतरी आठवडे. पहिला स्पेक्ट्रम आला त्यात ५च्या आसपास पुलाच्या सीएच-२ चा देखणा एकेरी पीक होता, तो बघून मी लॅबमध्ये उडी मारली. शिवाय १.२६, २.०५ आणि ४.१२ला तीन अनोळखी पीक. दोन दिवस त्यांचा अर्थ लावत बसले. ज्युनिअरने येता जाता बघून सांगितलं, "ताई, इथाइल ॲसिटेट आहे. नीट वाळवलं नाहीत."

आता चाचण्या. आधी परीक्षानळीतली.

एलमनची पद्धत १९६१ची, अजून तीच चालते. एन्झाइमने ॲसिटाइलथायोकोलिन तोडलं की थायोकोलिन सुटतं, ते डीटीएनबी या रसायनाशी जुळतं आणि पिवळा रंग येतो. तो ४१२ नॅनोमीटरला मोजायचा. तुमच्या रेणूने एन्झाइम अडवलं तर पिवळं कमी. एन्झाइम इलेक्ट्रिक ईल माशाचं. चिमूटभर पावडरची कुपी बर्फात येते आणि तिची किंमत बघून हात थरथरतो. बफर पीएच ८.

डॉकिंगमध्ये पोहऱ्यासारखे उतरणारे माझे रेणू इथे घळीच्या काठावरच बसून राहिले. डोनेपेझिल नॅनोमोलरमध्ये काम करतं, माझं सगळ्यांत चांगलं संयुग मायक्रोमोलरमध्ये, तेही रडतखडत. आणि एक विचित्र गोष्ट झाली. ब्लँकमध्ये, म्हणजे जिथे एन्झाइमही नव्हतं आणि सबस्ट्रेटही नव्हतं, नुसतं माझं संयुग आणि डीटीएनबी होतं, तिथेही फिकट पिवळं दिसायचं. जितका वेळ ठेवावं तितकं गडद. मी क्युव्हेट धुतल्या. नवं बफर केलं. शेवटी ब्लँकचं रीडिंग वजा करून पुढे गेले. वहीत लिहिलं आहे : "ब्लँक किंचित पिवळा. वजा केला." डीटीएनबी पिवळं होतं ते सुट्या थायोलमुळे, म्हणजे गंधक-हायड्रोजनच्या गटामुळे, आणि माझ्या रेणूत सुटा थायोल असायलाच नको होता. हे मला एम.फार्म.पासून पाठ होतं.

प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी समितीकडून घ्यावी लागते. सगळे अजून सवयीने सीपीसीएसईए म्हणतात, आता नाव सीसीएसईए आहे. फॉर्म बी भरायचा, किती प्राणी, का, दुसरा मार्ग का नाही, सगळं त्यात. मी बारा संयुगांसाठी मागणी केली होती. समितीतल्या बाहेरच्या सदस्यांनी शांतपणे विचारलं, "एन्झाइमवर जी चालली नाहीत ती उंदराला का द्यायची?" चार संयुगांवर आले. तेव्हा राग आला होता. आज वाटतं त्यांनी अजून दोन कापायला हवी होती. ७-एफ मात्र चारांत राहिलं, का तर त्याचं स्फटिक सगळ्यांत शुद्ध होतं. निवडीची कारणं अशीही असतात, थीसिसमध्ये ती वेगळ्या शब्दांत लिहितात.

विषारीपणाची चाचणी ओईसीडी ४२३ या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे, एका वेळी तीन प्राणी. ती पार पडली आणि मुख्य काम सुरू झालं.

प्लस मेझ म्हणजे जमिनीपासून उंचावर ठेवलेली अधिकच्या चिन्हासारखी चौफुली. आमच्याकडची लहान उंदरांसाठीची होती. पंचवीस सेंटिमीटर उंच, प्रत्येक हात सोळा सेंटिमीटर लांब, पाच रुंद. समोरासमोरचे दोन हात उघडे, दोन हातांना बारा सेंटिमीटरच्या भिंती. उंदराला उघड्यावर भीती वाटते आणि नवीन जागा हुंगायचीही असते, या दोन ओढींच्या भांडणावर सगळी चाचणी उभी आहे. पाच मिनिटं सोडायचं. डायझेपाम दिलेला उंदीर उघड्या हातावर बाजारात फिरल्यासारखा फिरतो, टोकाला जाऊन खाली डोकावतो. १९८० च्या दशकाच्या मध्यात ही चाचणी चिंतेसाठी रुळली.

पुढे १९९०च्या सुमारास त्याच चौफुलीवर स्मृती मोजायची पद्धत निघाली. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत ती फार चालते, कारण वेगळं उपकरण घ्यावं लागत नाही. उंदराला उघड्या हाताच्या टोकावर, तोंड बाहेर करून ठेवायचं. चारही पायांनी बंद हातात शिरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवण असेल तर लवकर शिरेल. स्मृती बिघडवायला स्कोपोलामिन, तुलनेला पिरासिटाम.

आता गंमत बघा. चिंता कमी करणारं औषध उंदराला उघड्यावर रमवतं. म्हणजे तो बंद हातात उशिरा जातो. म्हणजे दुसऱ्या चाचणीत तो विसराळू ठरतो. उलट, एखाद्या औषधाने उंदीर घाबरत असेल तर तो धूम ठोकून बंद हातात शिरेल आणि आपण लिहू, स्मृती सुधारली. आणि आम्हाला एकाच रेणूत दोन्ही गुण हवे होते! हा पेच माझ्या लक्षात सिनॉप्सिस लिहिताना यायला हवा होता. आला नाही, कारण दोन्ही चाचण्या दोन वेगळ्या प्रकरणांत होत्या.

चाचणीच्या खोलीचे नियम कडक. सेंट लावायचं नाही, गजरा माळून आत यायचं नाही, प्रत्येक उंदरानंतर फळी सत्तर टक्के अल्कोहोलने पुसायची, नाहीतर पुढचा मागच्याचा वास घेत बसतो. उंदीर ठेवायचं काम मामांचं. ते प्राणीघराचे अटेंडंट, बावीस वर्षं तिथेच, सगळे त्यांना मामाच म्हणतात. माझ्या हातात उंदीर शेपटी गोल फिरवायचा, त्यांच्या तळहातावर गप बसायचा. औषध मी द्यायची. पंचवीस ग्रॅमचा उंदीर, किलोला वीस मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, सीएमसीच्या पाव मिलिलिटर पातळ खळीत. गोळ्याच्या टोकाची सुई जिभेवरून अलगद आत. हे हाताला बसायला महिना लागला, आणि त्या महिन्यात मला रात्री झोप लागत नव्हती, तेही लिहून ठेवते.

७-एफच्या चिंतेच्या चाचणीची बॅच ऑगस्टमधल्या एका रविवारी ठेवली, कॉलेजला शांतता असते म्हणून. मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव सुरू होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पहिल्या टोल्याला कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्या उंदरांसकट सगळे बंद हातांत दडून बसले. डायझेपामवालेसुद्धा. मामा म्हणाले, "ताई, आज यांचं विसर्जन झालं." आकडे रद्द. पुन्हा करायचं तर नवे प्राणी, म्हणजे समितीकडे नवा अर्ज. सर म्हणाले ७-एफची चिंतेची चाचणी नंतर बघू, स्मृतीची करून टाक.

आणि स्मृतीच्या चाचणीत ७-एफने कमाल केली. सात दिवस रोज डोस, सातव्या दिवशी तासाभराने पहिली फेरी, आठव्या दिवशी डोस देऊन दुसरी. स्कोपोलामिन दिलेले उंदीर उघड्या फळीवर मख्ख बसलेले, पिरासिटामवाले बरे, आणि ७-एफचे सहाच्या सहा सोडल्याबरोबर बाणासारखे बंद हातात. दुसऱ्या दिवसाचे सेकंद मी तक्त्यात भरले, आलेख काढला. ७-एफचा खांब पिरासिटामपेक्षाही बुटका. सरांनी पेढे मागवले. मी पेपरचा मसुदा लिहायला घेतला, शीर्षकात स्मृतिवर्धक हा शब्द घालून.

एलमनमध्ये ते जवळजवळ निकामी होतं, मग स्मृती वाढली कशाने? मी लिहिलं, दुसऱ्या एखाद्या मार्गाने असावी. या एका वाक्यावर आपल्याकडे किती पेपर तरून जातात ते मोजायला हवं.

पूर्वसादरीकरणाच्या सेमिनारला बाहेरून एक परीक्षक आल्या होत्या. आयुष्य कंपनीत औषधांचं विघटन तपासण्यात गेलेलं. स्मृती, चिंता, डॉकिंग, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग ७-एफच्या चित्रातल्या त्या एका कार्बनवर लेझरचा ठिपका ठेवला. "हा पूल उंदराच्या पोटात टिकतो हे कशावरून?" मी गप्प. "बरं, तुटला तर काय काय सुटतं?" थायोन, फॉर्मॅल्डिहाइड आणि ३-क्लोरोफिनाइलपायपरझिन. शेवटचं नाव माझ्याच तोंडून बाहेर पडलं आणि घसा कोरडा पडला. त्याचं छोटं नाव एमसीपीपी. ट्रॅझोडोन हे औषध शरीरात मोडतं तेव्हा हेच तयार होतं. सिरोटोनिनच्या २सी रिसेप्टरला ते चेतवतं, माणसांत आणि प्राण्यांत चिंता वाढवतं, आणि संशोधक मुद्दाम चिंता निर्माण करायला ते वापरत आलेले आहेत.

बाई इतकंच म्हणाल्या, "एचपीएलसीवर बघून घ्या." म्हणजे मिश्रणातले घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या यंत्रावर.

बघितलं. मला आणि सरांना दोघांनाही वाटत होतं की पोटातल्या आम्लात पूल तुटेल. म्हणून आधी पीएच १.२ घेतला. तिथे ७-एफ चांगलं टिकलं. जीव भांड्यात पडला, तो ७.४च्या बफरपर्यंत. त्यात मूळ पीक दर इंजेक्शनला खचत गेला आणि शेजारी दुसरा वर येत गेला. शुद्ध एमसीपीपी सोडून पाहिलं, त्याच मिनिटाला आलं. नंतर वाचून कळलं ते असं : आम्लात पायपरझिनच्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसतो, त्याची इलेक्ट्रॉनांची जोडी अडकून पडते आणि पूल तोडायला कुणी मोकळं राहत नाही. प्रोटॉन उतरला की तुटायला सुरुवात. रक्ताचा पीएच ७.४. एलमनच्या बफरचा ८. पूल तुटून सुटलेलं थायोन थायोलसारखं वागतं. माझा फिकट पिवळा ब्लँक तेव्हाच हे सांगत होता आणि मी तो वजा केला होता.

घरी येऊन कच्ची वही उघडली. तक्त्यात मी फक्त दुसऱ्या दिवसाचे आकडे घेतले होते, पद्धतच तशी. वहीत पहिल्या दिवसाचा रकाना होता. ७-एफचे उंदीर पहिल्याच दिवशी, चौफुली आयुष्यात प्रथम बघताना, तितक्याच सेकंदांत बंद हातात शिरले होते. ज्याने जागा पाहिलीच नव्हती, त्याला आठवलं काय?

सरांचं मला कौतुक वाटतं ते यासाठी, की त्यांनी मसुदा मागे घेतला आणि एकदाही चिडले नाहीत. पेढ्यांचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही. समितीकडे जाऊन थोडे प्राणी मागितले, यावेळी नवीन वस्तू ओळखण्याच्या चाचणीसाठी. उंदराला दोन सारख्या वस्तू दाखवायच्या, नंतर एक बदलायची, आठवण असेल तर तो नव्या वस्तूपाशी जास्त वेळ हुंगतो. १९८८ची पद्धत. हिच्यात उंची नाही, उघडी फळी नाही. सिरिंजवर यावेळी ज्युनिअरने आकडे लिहिले, कुठल्यात काय ते मला ठाऊक नव्हतं. ७-एफचे उंदीर दोन्ही वस्तू सोडून कोपऱ्यात बसले. स्मृतीचा प्रश्नच आला नाही.

मग पुलाची जागा बदलली. मॅनिखचा एक कार्बन काढून गंधकावर तीन कार्बनांची साखळी लावली, बसपिरोनमध्ये चार असतात तशी. तिथे तुटायला तसा कमजोर सांधा नाही. क्लोरोफिनाइल अजिबात घेतलं नाही. ही मालिका ९. सहा महिने जास्त गेले, फी पुन्हा भरली, आईला फोनवर कारण समजावून सांगता येईना. ९-बी ७.४ मध्ये दिवसभर टिकलं. उघड्या हातावर त्याचे उंदीर कंट्रोलपेक्षा थोडे जास्त वेळ राहिले, ॲक्टोफोटोमीटरवर त्यांची हालचाल मंदावली नव्हती, म्हणजे गुंगी नसावी. थोडे जास्त म्हणजे खरंच थोडे. वस्तूंच्या चाचणीत फरक नाही. थीसिसमध्ये ते तसंच लिहिलं. ७-एफचं प्रकरणही पूर्ण लिहिलं, पिवळ्या ब्लँकसकट, आणि मौखिक परीक्षेत सगळ्यांत जास्त वेळ त्याच पानांवर गेला.

थीसिस जमा करण्याआधी प्राणीघराची रजिस्टरं तपासून सह्या घ्याव्या लागतात. रोजचं वजन मामा लिहायचे. कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय हे त्यांना कधीच माहीत नसायचं, पिंजऱ्यावर फक्त रंगाची चिठ्ठी. शेऱ्याचा रकाना बहुतेक कोराच. मी सप्टेंबरची पानं उलटत होते. हिरव्या चिठ्ठीचा पिंजरा, म्हणजे ७-एफ. तिसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत निळ्या बॉलपेनने, त्यांच्या ठसठशीत अक्षरात : "लेंड्या फार. हात लावू देत नाहीत."

"मामा, हे मला सांगितलं का नाहीत?"

"लिहिलंय की," ते म्हणाले. "तुमची सही आहे खाली."